पेनड्राइव्हातला खिंडोबा

“अरं धनाजी, देवाचं लगीन कवाच झालं की! आता पाळण्यात घालतुयास व्हय त्याला?”

मधल्या सीटवरून सोजराबाईने विचारलं, तशी वडापमधली सगळी माणसं हसली. नसरापुरातून भरून निघालेली जीप मार्गासनीच्या अलीकडे आली होती. गाडीच्या टेपमधून आबांचा आवाज येत होता, धडधाकट असतानाचा, जुना आवाज. मघाशी त्या आवाजाने खिंडोबाला हळद लावली होती, नवरी घरात आणली होती, आणि आता तोच आवाज खिंडोबाच्या आईला कळा सुरू झाल्याचं सांगत होता. सोजराबाईच्या मांडीवरच्या पाटीत दोन कोंबड्या होत्या. आणलेल्यातल्या तेवढ्याच बाजारात खपल्या नव्हत्या. त्यांना मात्र या घोटाळ्याचं काही वाटत नव्हतं.

धनाजी हसला नाही. त्याचा एक डोळा रस्त्यावर होता आणि एक शेजारच्या सीटवर. तिथे त्याचे वडील गेनूआबा, म्हणजे टेपमधला आवाज ज्यांचा होता तेच, डाव्या हाताचा पंजा डॅशबोर्डवर आपटत होते. उजवा हात लकव्याने गेलेला, मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. तोंडातून “ओ… ओ…” एवढंच येत होतं. दिवाळीपासून त्यांच्याजवळ बोलायला तेवढंच उरलं होतं. पाणी हवं असलं तरी ओ, बाहेर जायचं असलं तरी ओ, आणि राग आला तरी ओच. कुठली ओ कशाची, ते त्यांच्या बायकोला, साळूबाईला, बरोबर कळायचं. धनाजी अजून शिकत होता.

“आबा, काय हुतंय? बंद करू का?”

त्याने बटण दाबून टेप बंद केला. तसे आबांचे डोळे मोठे झाले आणि थापा दुप्पट जोराने पडू लागल्या. डॅशबोर्डवर चिकटवलेला इवलासा गणपती हलायला लागला. धनाजीने घाईघाईने टेप परत लावला. खिंडोबाची आई बाळंत झाली, आणि लगेच पुढच्या तुकड्यात खिंडोबा म्हातारा होऊन काठी टेकत डोंगर चढायला लागला.

“लावलं तरी मारतुय, बंद केलं तरी मारतुय,” सोजराबाई म्हणाली. “धरलं तर चावतंय आन् सोडलं तर पळतंय, तसं झालं की रं तुझं.”

तिचं खोटं नव्हतं. वेल्हं येईपर्यंत खिंडोबा आणखी एकदा मेंढरं राखायला गेला, भावाशी भांडला, मग परत तान्हा झाला. वेल्ह्यात निम्मी माणसं उतरली, आणि उतरताना एकाने विचारलं, “साधी गाणी न्हाईत का रं तुझ्याकडं?”

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी धनगरांची एक वाडी आहे. शेरडं-मेंढरं, दोन-चार गुरं आणि पावसाळ्यात पिकेल तेवढा भात, यावर ती चालते. वाडीच्या जरा खाली, रस्त्यावर एक लहानशी खिंड लागते. खिंडीत शेंदराने माखलेला एक दगड आहे, तोच खिंडोबा. वर्षातून एकदा त्याची जत्रा भरते, रात्रभर ढोल वाजतो आणि देवाची कथा ओव्यांतून सांगतात. ती सांगायचा मान आबांचा, त्याआधी त्यांच्या वडिलांचा. सुरुवातीला सुंबरान मांडायचं, म्हणजे देवाला हाक मारून बोलवायचं. मग त्याच्या जन्मापासूनची कथा त्यालाच ऐकवायची, आणि उजाडता उजाडता त्याला माघारी पोचवायचं. या तीन गोष्टींत मागंपुढं चालत नाही. आणि एकदा बोलावलेल्या देवाला अध्येमध्ये सोडून उठायचं तर नाहीच नाही. पाहुण्याला दारात उभं करून घरधन्याने झोपून जावं, तसं ते होतं. एका जत्रेला वळवाचा पाऊस कोसळला, ढोल भिजून बद्द बोलायला लागले, माणसं पांगली, पण आबा डोक्यावर घोंगडी घेऊन दगडासमोर एकटेच ओव्या म्हणत उभे राहिले. वाडीत ही गोष्ट अजून सांगतात.

धनाजी त्यांचा एकुलता एक. आबांनी लहानपणी त्याला ढोलाशेजारी उभं करून पाहिलं होतं. त्याने तोंड उघडलं तेव्हा झीलकरी, म्हणजे मागे सूर धरणारी माणसं, हसू दाबत एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी आबाही हसले. “ह्येचा गळा देवानं हॉर्नासाठी केलाय,” म्हणाले. धनाजीला ते लागलं, पण त्याने तसं दाखवलं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे आड तुडुंब भरलेला होता आणि पोहराच गळका निघाला. पुढे धनाजी खरोखरच ड्रायव्हर झाला, स्वतःची जुनी जीप घेतली आणि वाडी-वेल्हे-नसरापूर असं वडाप चालवायला लागला. बापलेकांत भांडण असं कधी झालं नाही. ढोलाचा विषय तेवढा दोघांनी बाजूला ठेवला होता.

लकव्यातून आबांचा जीव वाचला, आवाज वाचला नाही. हातापायाच्या व्यायामासाठी त्यांना आठवड्यातून एकदा नसरापूरला न्यावं लागे. अशाच एका खेपेत त्यांचा गप्प चेहरा बघून धनाजीला वाटलं, जत्रेत एवढी माणसं मोबाईल वर धरून उभी असतात, कुणाकडे तरी आबांचा आवाज असेलच. त्याने वाडीच्या ग्रुपवर विचारलं. मग तुकड्यांचा पाऊस पडला. कुणी गेल्या जत्रेतला पाठवला, कुणी चार वर्षांपूर्वीचा. एकात कुत्रं भुंकत होतं, एकात कुणीतरी सतत खोकत होतं. धनाजीच्या बायकोने, वर्षाराणीने, ते सगळे एकदम पेनड्राइव्हमध्ये भरून दिले. पहिल्या दिवशी आबांनी स्वतःचा आवाज ऐकला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. धनाजीला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी गोष्ट बापाच्या मनासारखी केली.

थापा त्यानंतर सुरू झाल्या. आणि गंमत अशी की त्याच दिवसापासून आबा रोज गाडीत बसायला लागले. सकाळी धनाजी चहा पीत असतानाच ते पाय ओढत जीपपाशी जाऊन उभे राहायचे. म्हाताऱ्याला फिरायचा नाद लागला, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं.

“आवं, नका लावत जाऊ ते,” त्या संध्याकाळी वर्षाराणी म्हणाली. “मामंजींना सवताचा आवाज ऐकवत नसंल. आता येत न्हाई म्हनल्यावर जिवाला लागनारच की.”

साळूबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“तसं न्हाई ते,” ती म्हणाली. “समदं उलटंपालटं चाललंय म्हनून चिडत्यात. जल्म आधी का लगीन आधी? देवाला चकवा लागल्यागत फिरवाय लागलायस तू.”

“मग तू सांग की आये, कुठलं कवा येतं त्ये. म्या तसं लावतो.”

“म्या कुठनं सांगू?” साळूबाईने एक खडा अंगणात फेकला. “जत्रंत आमी बायका चुलीम्होरं. वाडीभर भाकरी थापायच्या. लांबनं ढोल तेवढा ऐकू यायचा. सबंद कथा म्या उभ्या जल्मात ऐकली न्हाई.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण धनाजीला कसंसंच झालं, कारण त्यानेही ती कधी सबंद ऐकली नव्हती, आणि त्याच्यापुढे तर चूलसुद्धा नव्हती.

नसरापूरच्या स्टँडसमोर शेफालीचं मोबाईलचं दुकान आहे. काच बदलण्यापासून रिचार्जपर्यंत सगळं ती आणि तिचा नवरा करतात. धनाजीने तिच्यापुढे पेनड्राइव्ह ठेवला.

“सोपं आहे दादा,” ती म्हणाली. “प्रत्येकाच्या नावाआधी नंबर टाकू. एक, दोन, तीन. त्या नंबराने वाजतील.”

जन्म आधी, मग मेंढरं, मग लग्न, मग म्हातारपण, असा धनाजीने अंदाजाने क्रम सांगितला आणि शेफालीने पटापट नंबर टाकले. गाडीत लावलं, तर आधी लग्नच लागलं. मग पाळणा. अगदी कालच्यासारखंच, एकही तुकडा जागचा हलला नव्हता.

“ताई, पालथ्या घड्यावर पानी,” धनाजी परत येऊन म्हणाला.

शेफालीला ते पटेना. ती स्वतः दुकानातून उठून जीपमध्ये येऊन बसली, दोन-तीन तुकडे पुढे-मागे करून पाहिले, आणि मग कपाळावर हात मारून हसली.

“दादा, हा तुमचा टेप अंगठाबहाद्दर आहे. भारीतल्या टेपला नावं वाचता येतात, याला येत नाहीत. तुम्ही काहीही नंबर टाका. याला एवढंच कळतं, की पेनड्राइव्हमध्ये आधी कोण शिरलं. आधी शिरलं ते आधी वाजणार. आणि तुम्ही सगळी एकदम लोटून दिलीत.”

धनाजी म्हणाला, “म्हंजी मेंढरं वाडग्यात घालतो तसं. दारातनं एकेक घ्यावं लागतं. समदी एकदम रेटली, का कुठलं कुठं जाऊन बसतंय, पत्ता लागत न्हाई.”

“मला मेंढरांचं माहीत नाही,” शेफाली म्हणाली, “पण असंच. आधी हा पूर्ण रिकामा करायचा. मग एकेक आत सोडायचं. एक पूर्ण गेलं की मगच दुसरं. कंटाळवाणं काम आहे.”

तिने त्याला मोबाईलला पेनड्राइव्ह जोडायची एक बोटभर जोडणी दिली आणि कसं करायचं ते दोनदा करून दाखवलं. कंटाळ्याची धनाजीला काळजी नव्हती. ज्याचं बालपण मेंढरं वळण्यात गेलं, त्याला एकेक मोजून आत घेण्याचा काय कंटाळा! प्रश्न वेगळाच होता. वाडग्याच्या दारात उभं राहून कुणाला आधी घ्यायचं, हे सांगणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याच्यापाशी शब्द उरला होता ओ.

दुपारी वडापाला माणसं मिळत नाहीत. स्टँडच्या कडेला करंजाच्या सावलीत धनाजी जीप उभी करायचा आणि मोबाईल आबांच्या कानाशी धरायचा. एक तुकडा सुरू करायचा. आबांनी डावा पंजा वर केला, की हा नाही, अजून याची वेळ नाही. गुडघ्यावर थाप मारली, की हाच, घे आत. ही खूण कुणी ठरवली नव्हती. पहिल्याच दुपारी ती आपोआप पडली. सुंबरानाच्या तुकड्याला आबांनी अशी थाप मारली, की शेजारच्या रिक्षावाल्याने वळून बघितलं.

काही तुकडे चार शब्दांत ओळखू यायचे. काहींना आबा डोळे मिटायचे आणि ते सबंद ऐकत राहायचे. तेव्हा धनाजीलाही ऐकावं लागायचं. ऐकता ऐकता त्याला कळत गेलं, की खिंडोबाची आई त्याला खिंडीत शेळ्यांच्या हवाली करून गेली होती. की लग्नानंतर तो भावाशी वाटणीवरून नाही, तर एका लंगड्या मेंढीवरून भांडला होता. की तो सगळा मुलूख हिंडून थकला आणि जन्मला त्याच जागी येऊन बसला. धनाजीला देव म्हणजे शेंदूर माहीत होता. हा तर एक धनगरच निघाला. एवढी सोपी, चांगली गोष्ट आपल्या घरात इतकी वर्षं होती आणि आपण तिच्या शेजारी झोपून होतो, याचं त्याला वाईट वाटलं.

एका दुपारी घाईत दोन तुकडे मागंपुढं झाले. धनाजीने आबांकडे चोरट्यासारखं पाहिलं आणि सगळं पुसून परत पहिल्यापासून सुरुवात केली. आबा ओ म्हणाले. ती ओ हसण्याची होती. त्याला ती बरोबर कळली.

आठवडाभराने कथा जुळली. नसरापुरातून निघताना सुंबरान झालं, मार्गासनीला देव मेंढरांमागे होता, वेल्ह्याला त्याचं लग्न लागलं, आणि वाडीचा चढ चढताना तो म्हातारा होऊन काठी टेकत होता. सोजराबाई कोंबड्यांना गप्प बसवून ऐकत होती. आबांचे ओठ हलत होते, डावा हात मांडीवर ताल धरत होता. खिंड जवळ आली. टेपमधला खिंडोबा खिंडीत येऊन बसला, दगड झाला, आणि तुकडा संपला.

लगेच टेपने परत पहिल्यापासून सुंबरान मांडलं.

आबांचा पंजा डॅशबोर्डवर इतक्या जोराने बसला, की गणपती निखळून खाली पडला.

धनाजीला रडूच यायचं बाकी राहिलं. आता आणखी काय मागंपुढं झालं? त्याने रात्री पडल्या पडल्या सगळी कथा मनात फिरवली आणि मग त्याच्या ध्यानात आलं. देवाला बोलावणं होतं, कथा होती. पोचवणं कुठे होतं? शेवटची ओवी पेनड्राइव्हमध्ये नव्हतीच. त्याने परत ग्रुपवर विचारलं. ज्याला त्याला फोन केले. एवढ्या जणांनी एवढं टेप केलं होतं, पण शेवट कुणाकडेच नव्हता.

“कसा असंल?” आनंदराव म्हणाला. हा आबांच्या झीलकऱ्यांतला सगळ्यात जुना माणूस. वेल्ह्यातल्या हॉटेलात चहा पिता पिता तो धनाजीकडे बघत राहिला. “अरं येड्या, पोचवनीच्या टायमाला समदी टोप्या काढून, हात जोडून हुबी असत्यात. हातच मोकळा न्हाई, तर मोबाईल कोन धरनार?”

इतकी साधी गोष्ट होती.

“काका, तुमाला येती का ती ओवी? तुमी म्हना, म्या टेप करून घेतो.”

“आमी झीलवालं. आबांनी म्हनायचं, आमी ओ द्यायची. कानात हाय समदं, त्वांडात न्हाई. आन् येत असती तरी म्हनलो नसतो. ज्यानं बोलावलं त्यानंच पोचवायचं, न्हाईतर मग त्याच्या घरातल्यानं. बाहेरच्याचं त्यात काम न्हाई.” आनंदरावाने कप खाली ठेवला. “तू रोज किती खेपा सुंबरान वाजवतुयास रं?”

धनाजी मनात खेपा मोजायला लागला. प्रत्येक खेपेला देवाला हाक गेली होती, जाताना आणि येताना, आणि एकदाही त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं. ही गोष्ट सोजराबाईच्या कानावर गेली तेव्हा ती म्हणाली, “म्हंजी खिंडोबा गाडीतच बसून हाय म्हन की! मग म्या कुठं बसू, त्ये तरी इचार त्याला.” माणसं हसली. आबा मात्र रस्त्याकडे बघत बसले होते. हा माणूस रोज सकाळी पाय ओढत जीपपाशी का येतो, ते धनाजीला त्या घडीला समजलं. नाद फिरण्याचा नव्हता. आपल्या आवाजाने देव बोलावला आहे, तो पोचवल्याशिवाय आपल्याला घरी बसता येत नाही, आणि मरता तर त्याहून येत नाही, असं ते डॅशबोर्ड बडवून सांगत होते.

आणि आणखी एक गोष्ट धनाजीला समजली होती, ती त्याने कुणाला सांगितली नाही. शेवटची ओवी त्याला येत होती.

जत्रेत पोरं ढोलाच्या बाजूला घोंगड्यांत झोपून जायची. अख्खी कथा त्यांच्या डोक्यावरून जायची. पण पोचवणीच्या आधी आया येऊन पोरांना हलवून उठवायच्या, कारण त्या वेळी कपाळाला भंडारा लागलाच पाहिजे. डोळे चोळत, थंडीने कुडकुडत धनाजी दरवर्षी तेवढी एकच ओवी ऐकायचा. जन्म माहीत नाही, लग्न माहीत नाही, शेवट मात्र पाठ. त्या ओवीची चालसुद्धा त्याच्या मनात लख्ख होती. मनात होती तोवर ती चांगली वाजायची. गळ्यात आली की काय होईल, ते त्याला माहीत होतं. बापाचं अखेरचं मागणं आणि ते आपल्या या गळ्याने पुरं करायचं, याची त्याला लाज वाटत होती, भीतीही वाटत होती.

“तुला येती ती,” साळूबाई सकाळी त्याच्या हातात डबा देताना म्हणाली.

“तुला कसं ठावं?”

“ल्हानपनी झोपंत म्हनायचास.” तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. “चांगली म्हनायचा न्हाईस. पन सबंद म्हनायचास.”

त्या दिवशी संध्याकाळच्या शेवटच्या खेपेला सहा-सात माणसं होती, सगळी वाडीचीच. ऊन डोंगराच्या माथ्यावर गेलं होतं. खिंडोबाने काठी टेकली, चढ चढला, खिंडीत बसला. तुकडा संपत आला तसा धनाजीचा हात बटणावर गेला. सुंबरान सुरू व्हायच्या आत त्याने टेप बंद केला, जीप शेंदराच्या दगडासमोर कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“काय रं, तेल संपलं का?” मागून कुणीतरी विचारलं.

धनाजीने हँडब्रेक ओढला, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि स्टिअरिंगवरचे हात उचलून जोडले.

“आलास हाकेला देवा, जा आता माघारी…”

आवाज फाटला. पाटीतल्या कोंबड्या फडफडल्या. ओवीची ओळ संपली, की ऐकणाऱ्यांनी ओ द्यायची असते, पण मागच्या माणसांना काय चाललं आहे तेच कळलं नव्हतं. धनाजी थांबला. त्याचे कान तापले. समोरच्या काचेतून दगड दिसत होता, आणि पुढची ओळ अजून म्हणायची होती.

“ओ…”

ती शेजारच्या सीटवरून आली. ताणलेली, खालच्या पट्टीतली, अगदी जिथे यायला हवी तिथे.

“थकून ऐकलंस आमचं, बस आपल्या कपारी…”

“ओ…” आबांच्या पाठोपाठ सोजराबाईचा आवाज आला, मग सगळ्यांचे.

“सांगताना चुकलो असंन, टाक त्ये खिंडीच्या बाहेरी…”

“ओ…”

ओवी मोठी नव्हती. धनाजीने ती सबंद म्हटली. चांगली म्हटली नाही. चाल दोनदा घसरली आणि एकदा तर आवाज नुसता वाऱ्यासारखा गेला. शेवटच्या ओळीला त्याने बाजूला पाहिलं. आबांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरून वर उचलला होता, आणि तो पडू नये म्हणून छातीशी दाबून धरला होता. दोन्ही तळवे एकमेकांना टेकले होते. डोळे मिटलेले होते.

धनाजीने टोपी घातली आणि किल्ली फिरवली.

शेफालीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “दादा, मग आता ती ओवी मोबाईलवर म्हणा, मी शेवटी घालून देते. एकच तर आत सोडायची आहे.”

“न्हाई ताई,” धनाजी म्हणाला. “त्या टायमाला हात मोकळं नसत्यात.”

पण ही पुढची गोष्ट झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी धनाजी चहा पिऊन बाहेर आला, तर जीपपाशी कुणीच नव्हतं. आबा ओट्यावर उन्हाला बसले होते. समोर साळूबाई वाडग्याचं दार जरासं उघडून मेंढरं एकेक बाहेर सोडत होती आणि ते बघत होते. धनाजीने डाव्या बाजूचं दार उघडलं.

“आबा, चला की.”

आबांनी डावा पंजा वर केला.

धनाजीने दार उघडंच ठेवलं. मग सोजराबाई पाटी घेऊन आली आणि काही न विचारता मागे जायला लागली, तेव्हा तो म्हणाला, “पुढंच बस, मावशे.” ती बसली. बाकीची माणसंही आली. गाडी निघाली. टेप लाव, असं कुणी म्हटलं नाही.

खिंडीत आल्यावर त्याने दगडाकडे पाहिलं. हात स्टिअरिंगवर होते, मागे माणसांना नसरापूरची घाई होती. त्याने एकदा लांब हॉर्न दिला. आवाज डोंगराला लागून परत आला आणि विरला. मग वरून, वाडीच्या अंगाने, बारीक ओ ऐकू आली.

सोजराबाईने त्याच्याकडे पाहिलं. धनाजीने गिअर टाकला आणि गाडी उताराला लागली.